स्वयंपाकघरासाठी चांगली सुरी कशी निवडावी? खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबारकडच्या घरांतून, मेसमधून आणि हिवाळ्यातल्या भरीत पार्ट्यांमधून सुरीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. माझं मत आधीच सांगते. आपल्या गावात, आपल्या हातानं जिला धार लावता येईल, ती सुरी चांगली. पोलाद, मूठ, ब्रँड, किंमत हे सगळं याच कसोटीवर तपासायचं.

शेफ नाईफ म्हणजे नेमकं काय? घरातल्या सुरीपेक्षा त्यात वेगळं काय असतं?

आपल्याकडे बहुतेक घरांत तीन-चार इंची पात्याची लहान सुरी असते. कांदा हातात धरून अंगठ्याकडे ओढत कापायची ती सुरी. शेफ नाईफ पाटावर किंवा फळीवर ठेवून कापण्यासाठी असते. पातं साधारण सहा ते दहा इंच लांब, मुठीजवळ रुंद आणि टोकाकडे निमुळतं. मुठीजवळची रुंदी साडेचार-पाच सेंटीमीटर असली, की बोटांची पेरं फळीवर आपटत नाहीत. धार किंचित गोलाईत असते. टोक फळीवर टेकवून मागचा भाग वर-खाली केला, की कोथिंबीर, पात, मिरची भराभर बारीक होते.

दुकानात दोन घाट दिसतील. युरोपीय घाटाच्या सुरीला जास्त गोलाई असते आणि ती थोडी जड असते. जपानी घाटात ग्युतो (म्हणजे जपानी पद्धतीची शेफ नाईफ) आणि सांतोकू ही नावं ऐकू येतील. सांतोकू आखूड असते, साधारण साडेसोळा ते अठरा सेंटीमीटर. तिची धार जास्त सरळ असल्यामुळे ती वर-खाली डोलवण्यापेक्षा सरळ खाली दाबत कापायला सोयीची. आपल्या घरात भाजीच जास्त कापली जाते, त्यामुळे दोन्ही चालतात. हाताला बरी वाटेल ती घ्या.

आमच्याकडे विळी आहे आणि आईचा हात तिच्यावर बसलेला आहे. मग सुरी घ्यायचीच कशाला?

आईची विळी काढून टाकू नका. विळीत पातं स्थिर असतं आणि दोन्ही हात भाजीवर असतात, त्यामुळे बसलेल्या हाताला तिच्यावरचं काम सुरीपेक्षा वेगानं उरकतं. गवार, भेंडी, मेथीची जुडी, नारळ खवणं ही कामं विळीवरच छान होतात.

अडचण दोन ठिकाणी येते. ओटा आला आणि स्वयंपाक उभ्यानं होऊ लागला. कापण्यासाठी तेवढं खाली बसायचं आणि पुन्हा उठायचं, हे गुडघ्यांना झेपत नाही. दुसरं म्हणजे, घरात लहान मूल रांगायला लागलं की जमिनीवरचं उघडं पातं जिवाला घोर लावतं. ज्यांना या दोन्ही अडचणी नाहीत, त्यांनी फक्त विळीला वेळेवर धार लावली तरी पुष्कळ झालं.

किती लांबीची घ्यावी?

आठ इंच, म्हणजे वीस सेंटीमीटर. हात लहान असेल किंवा ओटा अरुंद असेल, तर सहा-साडेसहा इंची किंवा सांतोकू. मेसच्या किंवा लग्नाच्या स्वयंपाकासाठी दहा इंची. पत्ताकोबीचा गड्डा एका फटक्यात उभा चिरायला लांबीच कामी येते.

पोलाद कोणतं असावं? पात्यावरच्या आकड्यांचा अर्थ काय?

सगळी गंमत इथेच आहे, म्हणून हे उत्तर जरा लांबेल.

लोखंडात कार्बन मिसळला की पोलाद कडक होतं. कडक पोलादाची धार जास्त दिवस टिकते. त्यात क्रोमियम घातलं की गंज कमी लागतो. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ साली जवळजवळ १३ टक्के क्रोमियम असलेलं पोलाद बनवलं. ते बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत यासाठी धडपडत होते. त्याच पोलादाला पुढे सुऱ्यांनी आपलंसं केलं आणि आज त्याला आपण स्टेनलेस म्हणतो.

कडकपणा रॉकवेल मोजपट्टीवर मोजतात. खोक्यावर 'एचआरसी' असं लिहून पुढे आकडा दिलेला असतो. साध्या स्वस्त सुऱ्या पन्नाशीच्या पहिल्या अर्ध्यात असतात. त्यांची धार लगेच बसते आणि लगेच जाते. जर्मन पद्धतीच्या चांगल्या सुऱ्या ५५ ते ५८ च्या घरात. त्यांचं नेहमीचं पोलाद म्हणजे एक्स५०सीआरएमओव्ही१५. नाव बोजड आहे, पण वाचता आलं की सगळं कळतं. '५०' म्हणजे सुमारे अर्धा टक्का कार्बन, शेवटचे '१५' म्हणजे सुमारे १५ टक्के क्रोमियम, आणि मधली अक्षरं म्हणजे क्रोमियम, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम. याच पोलादाचा क्रमांक १.४११६ असाही पात्यावर कोरलेला सापडतो. जपानी व्हीजी-१० पोलादात कार्बन एक टक्क्याच्या आसपास असतो आणि कडकपणा ६० किंवा थोडा वर जातो.

जास्त आकडा म्हणजे जास्त चांगली सुरी, असा दुकानातला सूर असतो. मला तो पटत नाही. कडक पोलाद ठिसूळही असतं. खोबऱ्याच्या वाटीवर किंवा हाडावर आदळलं, की धारेचा कपचा उडतो. तो काढायला चांगला दगड, वेळ आणि सराव लागतो. पुण्या-मुंबईला धार लावून देणारे मिळतात; शहादा, चोपडा किंवा साक्रीला ते शोधत कुठे फिरणार? ५५ ते ५८ कडकपणाची सुरी आपटली, तर धार तुटण्याऐवजी मुडपते. ती हार्डवेअरच्या दुकानातल्या साध्या दगडावर पुन्हा उभी राहते. म्हणून खान्देशातल्या घरासाठी माझं मत याच पट्ट्याला आहे.

खोक्यावर नुसतंच 'हाय कार्बन स्टेनलेस' लिहिलंय. ते पुरेसं आहे का?

नाही. त्याला ठरलेली व्याख्या नाही, कुणीही छापू शकतं. पोलादाचं नाव किंवा एचआरसीचा आकडा, यातलं एक तरी दिलेलं असावं. दोन्ही नसतील तर ती साधी सुरी समजून साध्याच किमतीला घ्यावी.

कार्बन पोलादाची, म्हणजे गंजणारी सुरी घ्यावी का? तिनं वांगी काळी पडतात असं ऐकलंय.

खरं आहे. चिरलेलं वांगं हवेनं लालसर पडतंच, पण उघड्या लोखंडाशी गाठ पडली की वांग्यातली तुरट द्रव्यं त्याच्याशी मिळून हिरवट-काळा रंग देतात. कच्ची कैरी आणि लिंबू चिरलं तर पात्यावर लगेच डाग उठतात, आणि आंबट चिरलेल्या फोडीला लोखंडाची चव उतरते.

उलट बाजूही आहे. स्टेनलेस नसलेल्या पोलादाला धार फार सहज आणि फार बारीक लागते. ज्यांना कापून झाल्या झाल्या पातं पुसायची सवय आहे, त्यांनी ती जरूर वापरावी. काही महिन्यांत पात्यावर राखाडी-निळसर झाक बसते. तिला घासून काढू नका, तीच गंजाला थोडी आडवी येते. पण घरात चार माणसं सुरी वापरत असतील आणि त्यातलं एक जरी ती ओली ठेवून निघून जात असेल, तर स्टेनलेसच घ्यावी.

घडवलेली सुरी घ्यावी की पत्र्यातून कापलेली?

घडवलेल्या सुरीत तापलेलं पोलाद ठोकून आकार देतात. ती जड असते आणि मुठीजवळ बहुधा जाड कॉलर असते. पत्र्यातून कापलेली हलकी आणि स्वस्त. घडवलेलीच उत्तम, ही समजूत जुनी झाली. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीची प्लास्टिक मुठीची शेफ नाईफ पत्र्यातून कापलेली असते आणि जगभरातल्या हॉटेलांच्या भटारखान्यात ती राबते. जर्मनीतल्या झोलिंगेन गावच्या वुस्टहोफ आणि झ्विलिंग या कंपन्यांची घडवलेल्या सुऱ्यांसाठी ख्याती आहे. झ्विलिंगचं चिन्ह तर १७३१ साली नोंदवलेलं आहे. दोन्ही प्रकार चांगले. पोलादाला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून विझवण्याचं काम कसं झालंय, यावर सगळं असतं.

एक गोष्ट मात्र बघा. मुठीजवळची जाड कॉलर थेट धारेपर्यंत उतरलेली असेल, तर ती सुरी टाळा. वर्षा-दोन वर्षांत धार झिजते, पण कॉलर झिजत नाही. मग मागचा भाग फळीला टेकतच नाही आणि पात अर्धवट कापली जाऊन तिची माळ लोंबत राहते.

मूठ लाकडाची असावी की प्लास्टिकची?

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो आणि हवा कोरडीठाक होते. त्यात लाकूड आखडतं. पावसाळ्यात तेच फुगतं. या ओढाताणीत लाकडी मुठीत फट पडते आणि तिथे पीठ-पाणी साचतं. शिसवीची चांगली मूठ असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी खोबरेल किंवा जवसाचं तेल चोळा, म्हणजे टिकते. तेवढा व्याप नको असेल तर खरबरीत प्लास्टिकची किंवा राळ मुरवलेल्या दाबीव लाकडाची घ्या. गुळगुळीत चकचकीत स्टीलची मूठ मला नको वाटते. तेलकट हातातून ती सटकते.

पोलादाची पट्टी मुठीच्या शेवटापर्यंत गेलेली असली तर उत्तम. पाठीकडून पाहिलं की दोन फळ्यांच्या मध्ये ती दिसते.

पात्यावर लाटांची नक्षी असलेली 'दमास्कस' सुरी ऑनलाईन स्वस्तात दिसते. घ्यावी का?

नक्षीनं कापलं जात नाही. खऱ्या थरांच्या सुरीत मधे एक कडक पोलादाचा गाभा असतो आणि थर त्याच्या दोन्ही बाजूंनी चढवलेले असतात. कापतो तो गाभा. स्वस्त सुरीवर बहुतेक वेळा लेझरनं किंवा आम्लानं काढलेलं नुसतं चित्र असतं. ओळखायचं कसं? खऱ्या थरांची नक्षी सगळीकडे थोडी थोडी वेगळी दिसते, छापलेली नक्षी ठरावीक अंतरावर तशीच्या तशी पुन्हा येते.

जुन्या दमास्कस तलवारींसाठी ज्या पोलादाचा बोलबाला झाला, ते मुशीतलं पोलाद दक्षिण भारतातून बाहेर जात असे. आजच्या लाटांच्या नक्षीचा त्याच्याशी संबंध नाही.

दुकानात सुरी हातात घेतल्यावर काय बघायचं?

दुकानदाराला सुरी खोक्यातून बाहेर काढायला सांगा. त्यात संकोच नको. आधी पाठीकडून, एक डोळा मिटून, मुठीपासून टोकापर्यंत नजर टाका. पातं कुठे वाकलेलं, पीळ पडलेलं असेल तर लगेच दिसतं. मग धार वर करून दिव्याच्या उजेडाकडे धरा आणि हळूहळू कलती करा. खऱ्या धारेवरून उजेड परत येत नाही, तिथे काळी बारीक रेघ दिसते. जिथे चमकणारा ठिपका दिसेल, तिथे धार चपटी आहे किंवा कपचा गेलाय.

नंतर पाठीची जाडी बघा. मुठीजवळ दोन-अडीच मिलीमीटर आणि टोकाकडे पातळ होत गेलेली असावी. पाठ शेवटपर्यंत एकसारखी जाड आणि फक्त धारेपाशी एकदम तासलेली असेल, तर ती सुरी गाजर कापत नाही, फोडते. काप पूर्ण व्हायच्या आत गाजर 'टक्' करून दुभंगतं ते यामुळेच.

शेवटी धरून बघा. अंगठा आणि तर्जनी पात्याच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी, बाकी तीन बोटं मुठीवर. अशी धरल्यावर सुरी पुढे झुकत नाही ना, पाठीची कड बोटाला बोचत नाही ना, हे पाहा. काउंटरवर हलकेच टेकवून पेरं खाली लागतात का तेही तपासा. घरात जी व्यक्ती सर्वांत जास्त कापते, तिलाच दुकानात घेऊन जा. दुसऱ्याच्या हाताच्या मापानं सुरी घेता येत नाही.

खर्च किती करावा?

रोजच्या चार-सहा माणसांच्या स्वयंपाकाला एक हजार ते तीन हजारांच्या आत चांगली सुरी मिळते. त्यापुढे पैसे बहुतेक दिसण्याला आणि नावाला जातात. मात्र दगडासाठी पैसे राखून ठेवा. तीन हजारांची सुरी आणि दगड नाही, यापेक्षा बाराशेची सुरी आणि चांगला दगड, हा सौदा केव्हाही बरा. सहा-आठ सुऱ्यांच्या संचाच्या नादी लागू नका. त्यातल्या दोनच वापरल्या जातात.

आठवडे बाजारात लोहाराकडे सुरी मिळते. ती कशी?

चांगली निघाली तर फार चांगली. हे कारागीर बऱ्याचदा ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद वापरतात. त्यात अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त कार्बन असतो, म्हणजे सुरीला ते योग्यच आहे. प्रश्न पाणी देण्याचा असतो. एकाच लोहाराच्या दोन सुऱ्यांत फरक पडू शकतो. लोहाराजवळच कानस असते. ती धारेजवळ हलकी फिरवून बघू द्या अशी विनंती करा. कानस लोण्यात गेल्यासारखी खोल रुतली तर पातं मऊ आहे. निसटत निसटत जेमतेम ओरखडा काढत असेल तर घ्या. ही सुरी गंजणारी असते, पुसून ठेवण्याची तयारी हवी.

मला या सुऱ्यांबद्दल मनापासून आस्था आहे. मूठ हलली तर तोच माणूस पुढच्या बाजारी बसवून देतो. अशी सेवा कोणत्या कंपनीकडून मिळणार?

धार घरी कशी लावायची? भीती वाटते.

हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा दगड मिळतो, एक बाजू खरबरीत, एक बारीक. सुरुवातीला तो पुरतो. पुढे हौस वाटली तर १००० नंबरचा पाण्याचा दगड घ्या. नंबर जितका मोठा तितका दगड बारीक. ४०० नंबर बोथट सुरीला, १००० रोजच्या धारेला, ३००० च्या पुढचे चकाकीला. घरासाठी ३००० च्या पुढे जायची गरज नाही.

दगड ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे सरकत नाही. पाण्याचा दगड असेल तर त्यातून बुडबुडे येणं थांबेपर्यंत भिजवा. आता कोन. सुरी दगडावर उभी धरली म्हणजे ९० अंश. निम्मी झुकवली ४५. पुन्हा निम्मी, साडेबावीस. तिथून अजून थोडी खाली, म्हणजे १५ ते २० अंशांत आलात. दगड आणि पाठ यांच्यामध्ये करंगळीचं टोक जेमतेम जाईल एवढी फट राहते. हा कोन मनगटात धरून ठेवायचा, सगळं कसब एवढंच.

मुठीकडून टोकाकडे, हलक्या दाबानं, एकाच बाजूनं घासत राहा. किती वेळा, ते मोजू नका. धारेच्या दुसऱ्या बाजूला अंगठा पात्याच्या पाठीकडून धारेबाहेर हलकेच सरकवा, धारेच्या लांबीत कधीच नाही. तिथे अगदी बारीक खरखर लागली, नख अडकेल अशी, की समजा धातूची कड उलटून पलीकडे आली. मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडे ती लागली पाहिजे. मगच बाजू बदला. बहुतेकांची धार बसत नाही ती इथेच. कड यायच्या आत ते बाजू बदलतात आणि धारेचं टोक कधी जुळतच नाही.

दुसऱ्या बाजूनंही कड आली, की बारीक बाजूवर दाब कमी करत आलटून पालटून एकेक हात मारा. ती खरखर नाहीशी झाली पाहिजे. शेवटी जुन्या कातडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर, धार मागे ठेवून, पाच-सात वेळा ओढा.

परीक्षा कांद्याच्या पातीवर घ्या. भरताला पात लागतेच, आणि पात खोटं बोलत नाही. धार असेल तर काप कोरडे पडतात, हिरव्या कड्या सुट्या होतात आणि फळीवर पाणी सुटत नाही. बोथट सुरीखाली पात चेंगरते, चिकट होते, आणि भरतात कच्चा उग्र वास उतरतो. कांद्याचंही तेच. बोथट पातं कापत नाही, कांद्याच्या पेशी चिरडतं, आणि डोळ्यांत पाणी आणणारा वायू जास्त सुटतो.

दगड नसेल तर?

चिनीमातीचा कप उलटा करा. बुडाची खरबरीत, चकाकी नसलेली कडी तात्पुरत्या धारेला चालते. ओट्याच्या कडप्प्यावर घासू नका. धार वेडीवाकडी होते आणि ओटाही खराब होतो.

सायकलवर चाक घेऊन येणाऱ्याकडून धार लावून घ्यावी का?

विळी, कात्री, साधी सुरी जरूर द्या. तो माणूस दारापर्यंत येतो, त्याचं पोट त्यावर आहे आणि पाच मिनिटांत काम होतं. चांगली सुरी देताना मात्र जवळ उभे राहा. कोरड्या चाकावर पातळ धार क्षणात तापते. दोनशे अंशांच्या पुढे गेली की पाणी उतरायला लागतं. धारेवर पिवळसर, तपकिरी किंवा निळी झाक उमटली, तर तेवढा भाग मऊ पडला, आणि तिथे पुन्हा धार टिकत नाही. म्हणून शेजारी पाण्याचा तांब्या ठेवा आणि 'दादा, दर फिरवणीला बुडवा' एवढं सांगा. बहुतेक जण आनंदानं ऐकतात.

खाचेतून सुरी ओढायचं प्लास्टिकचं यंत्र धार तासून नेतं. स्वस्त सुरीला ठीक.

सुरीबरोबर लांब गोल सळई मिळाली. ती कशासाठी?

धार सरळ करण्यासाठी. रोजच्या कापण्यानं धार एका बाजूला मुडपते, झिजलेली नसते. सळईवर दोन्ही बाजूंनी चार-पाच हलके हात मारले की ती पुन्हा उभी राहते. पूर्ण बोथट सुरी सळईनं सुधारत नाही, तिला दगडच हवा. कडक जपानी सुरीसाठी खरबरीत लोखंडी सळई वापरू नका.

कशावर कापावं?

लाकूड किंवा जाड प्लास्टिक. काच, संगमरवर, ग्रॅनाइट, स्टीलचं ताट, सगळं वर्ज्य.

ताटाचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे, कारण पातोडी. बेसन घाटून ताटात थापायचं आणि सुरीनं शंकरपाळ्याच्या आकाराचे काप पाडायचे, हे घरोघरी चालतं. प्रत्येक रेघेला धार स्टीलवर घासते, आणि एका ताटात पंधरा दिवसांची धार जाते. पातोडीला उलथन्याची पातळ कड किंवा जुनी सुरी वापरा. बट्ट्यांचंही ध्यानात ठेवा. उकडलेले उंडे फळीवर घेऊनच कापावेत, पातं पाण्यात बुडवत राहिलं की चिकटत नाहीत.

चांगल्या सुरीनं काय कापू नये?

खोबऱ्याची वाटी, गुळाची ढेप, हाडं, गोठलेलं मटण. काळ्या मसाल्यासाठी खोबरं तर रोज लागतं. त्याचे काप विळीवर करा. हाडांना सत्तूर, आणि ते काम खाटकाकडूनच करून आणलेलं बरं. गंगाफळ चिरता येतं, पण पातं आत अडकलं की आडवं पिरगाळू नका. धार तिथेच तुटते. फळ उलटं करून दुसऱ्या बाजूनं काप द्या.

आणखी एक. चिरलेली भाजी फळीवरून कढईत लोटताना धारेनं खरवडायची सवय असते. सुरी उलटी करा, पाठीनं लोटा.

कच्ची केळी आणि केळफूल चिरल्यावर पातं काळं-चिकट होतं. काय करावं?

रावेर-यावल पट्ट्यातल्या घरांचा हा नेहमीचा प्रश्न. केळीचा चीक पाण्यानं निघत नाही, उलट हवेनं तपकिरी होऊन घट्ट बसतो. चिरायच्या आधीच पात्याला आणि हाताला शेंगदाण्याचं तेल लावा. काम झाल्यावर तेलाच्या बोळ्यानं पुसा, मग साबणानं धुवा. तारेच्या घासणीनं खरवडू नका. ठेच्यासाठी मिरच्या चिरल्या असतील तरी हाच क्रम ठेवा. मिरचीची आग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. मूठही धुवा, नाहीतर पुढच्या माणसाचा हात डोळ्याला लागायचा.

स्टेनलेस असूनही तांबूस ठिपके आले. फसवणूक झाली का?

बहुधा नाही. स्टेनलेस कमी गंजतं, अजिबात गंजत नाही असं नाही. मीठ आणि लिंबाच्या पाण्यात सुरी रात्रभर मोरीत पडली की बारीक खड्डे पडतात. ठिपके खायच्या सोड्याच्या लगद्यानं निघतात. पुढे वापरून झाल्यावर लगेच धुवा, कोरडी करा. डिशवॉशरमध्ये घालू नका.

मी डावखुरा आहे. वेगळी सुरी लागेल का?

दोन्ही बाजूंनी तासलेली धार असेल तर नाही. काही जपानी सुऱ्यांना एकाच बाजूनं धार असते, त्या तेवढ्या टाळा.

धारदार सुरीची भीती वाटते. बोथटच बरी नाही का?

बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेली सुरी टोमॅटोच्या सालीवरून घसरली की बोटावर येते. भीतीवर उपाय हाताच्या ठेवणीत आहे. भाजी धरणाऱ्या हाताची बोटं आत वळवा, अंगठा मागे घ्या, पात्याची बाजू मधल्या बोटाच्या पेराला टेकू द्या. मग पातं बोटाच्या टोकापर्यंत पोहोचतच नाही. हातातून सुरी सुटली तर झेलायला जाऊ नका, पाय मागे घ्या आणि पडू द्या. आणि फेसाच्या पाण्यात सुरी कधीच बुडवून ठेवू नका. भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा हात तिथे जातो.

एकूण किती सुऱ्या पुरतात?

एक मोठी, एक लहान, आणि खोबरं-गूळ-पातोडीसाठी घरातली जुनी. पावाला दातेरी सुरी लागली तर चौथी.

मुलगा शिकायला पुण्याला चाललाय, स्वतः रांधणार आहे. त्याच्याबरोबर कोणती सुरी द्यावी?

सहा इंची, प्लास्टिक मुठीची, ५५-५६ कडकपणाची स्टेनलेस, आणि एक लहान दगड. जायच्या आधी दोन रविवार त्याच्याकडून घरच्या सुऱ्यांना धार लावून घ्या. खोलीवर ड्रॉवरमध्ये चमच्यांत टाकू नको, असं बजावा. भिंतीवर चुंबकाची पट्टी लावता आली तर सर्वांत सोयीचं. प्रवासासाठी जाड पुठ्ठ्याची घडी पात्याभोवती घालून चिकटपट्टी लावा, आणि सुरी बॅगेच्या मधोमध, कपड्यांत ठेवा. विमानानं जात असेल तर हातातल्या बॅगेत चालत नाही, सामानात द्यावी लागते.